रविवारची सुट्टी, सोमवारचा खोकला

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात फराळाच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण उभा होता. रात्रपाळी संपवून, दोन तास झोपून थेट हॉलवर आलेला. मी विचारलं, "काय रे, कसं चाललंय?" तो हसून म्हणाला, "मजेत, काका." अर्ध्या तासाने मुलांची नाच-गाणी सुरू झाली तेव्हा तो खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपला होता. हातात अर्धी चकली तशीच. आजूबाजूचे हसले, कुणीतरी फोटो काढला, मीही हसलो.

घरी आल्यावर मात्र मला झोप लागेना. ही झोप मी आधी कुठेतरी पाहिली होती. मग आठवलं. लालबागच्या चाळीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत माझे वडील असेच हातात घास धरून झोपत. तेही गिरणीतून आलेले असत, आणि कुणी विचारलं तर तेही म्हणत, "बरं चाललंय."

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या जीवनावर डॉक्टरेट केली आणि निवृत्तीनंतर मुलीकडे डंडॉकला आलो. संपादकांनी यंदा लेख मागितला तेव्हा ठरवलं, की कामाच्या जागी माणसाच्या शरीराचं आणि मनाचं काय होतं, हे माणसांनी कसं शोधून काढलं त्याची गोष्ट सांगावी. ती गोष्ट आपल्या गिरणगावातून जाते आणि आपण आज राहतो त्या सीमेवरच्या गावातूनही जाते. या अंकाचा इंग्रजी विभाग आधी उघडणाऱ्या दुसऱ्या पिढीतल्या मित्रांनो, मराठी जड गेलं तर आईबाबांकडून वाचून घ्या. त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहेच.

एक साधा प्रश्न

इटलीतल्या मोडेना इथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होते. १७०० साली त्यांनी कामकऱ्यांच्या आजारांवर एक ग्रंथ छापला. कुंभार, कोळी, सुईणी, अगदी संडास साफ करणारेसुद्धा, अशा कितीतरी व्यवसायांतल्या माणसांना काय काय होतं ते त्यात नोंदलेलं आहे. त्यांचं सांगणं असं, की रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतो त्यांत आणखी एकाची भर घालावी: "तुम्ही काम काय करता?"

आज हे साधं वाटतं. पण पुढच्या तीनशे वर्षांतलं या विषयावरचं बहुतेक संशोधन म्हणजे याच प्रश्नाचा विस्तार आहे. किती तास करता? कशात श्वास घेता? कुणाच्या हुकमाखाली करता? काम सुटलं तर काय होतं? दर वेळी कुणीतरी नवा प्रश्न विचारला आणि कुणीतरी त्याचं खरं उत्तर दिलं, तेव्हाच पुढचं पाऊल पडलं. यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे. आपल्याकडे तर दुखणं अंगावर काढणं हा गुणच मानला जातो.

लोखंडे यांनी मागितलेला एक दिवस

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळ्याच्या आकाशात चिमण्याच चिमण्या झाल्या. त्या काळी गिरणीत दिवे नव्हते, म्हणून काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. गिरणी बंद राहायची ती सणावारी. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव दुसऱ्या पिढीने जरूर लक्षात ठेवावं. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. काही काळ ते स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे आत काय चालतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ हे पत्र चालवू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनचा जन्म याच वेळचा.

या अर्जातल्या मागण्या मी वर्गात नेहमी विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घेत असे. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर अपंग झालेल्याला मदत. मुलं वाचून झाल्यावर चकित होऊन विचारत, "सर, पगारवाढ कुठे आहे?" पगारवाढ नाही. साडेपाच हजार लोक, त्यांतले बहुतेक अंगठा उठवणारे, आणि ते प्रामुख्याने वेळ मागत होते.

हे मिळायला सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्यात ती आली. आज आपण "या रविवारी काय करायचं?" असं सहज विचारतो. त्या रविवारामागे एवढी माणसं उभी आहेत. लोखंडे १८९७ च्या प्लेगच्या साथीत, फेब्रुवारी महिन्यात वारले.

थकवा म्हणजे आळस नव्हे

सुट्टी मिळाली, पण पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस पुन्हा लांबला. मग एक सरकारी आयोग बसला. हिंदुस्थानी कामगार कामाच्या वेळात रेंगाळतो, इकडेतिकडे फिरतो, विडी ओढायला बाहेर जातो, तेव्हा तास जास्त असले तरी त्याला त्रास होत नाही, असा सूर त्या काळी अनेकांचा होता. पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालायला आयोगातल्या बहुमताचा विरोध होता. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी आपलं वेगळं मत लेखी नोंदवलं आणि मर्यादेचा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली.

मला यातला ‘रेंगाळणं’ हा शब्द फार बोलका वाटतो. चौदा तास कुणीही सलग राबू शकत नाही. शरीर आपली विश्रांती चोरून घेतं. मुकादमाच्या वहीत तिची नोंद आळस म्हणून होते. विलायतेत हे पहिल्या महायुद्धात कळलं. दारूगोळ्याच्या कारखान्यांत तास वाढवले तरी उत्पादन त्या मानाने वाढेना, उलट अपघात आणि आजारपण वाढे. १९१५ साली नेमलेल्या समितीने हे मोजून पाहिलं आणि १९१८ मध्ये थकव्याचाच अभ्यास करणारं मंडळ स्थापन झालं. तास कमी केले तर काम तेवढंच, कधी जास्तही होतं, हे आकड्यांनी दिसू लागलं. लोखंडे यांच्या कामगारांनी हे चौतीस वर्षं आधीच सांगितलं होतं. फरक एवढाच, की त्यांचं म्हणणं अर्ज मानलं गेलं आणि यांचं संशोधन.

स्त्रियांकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिससाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, ती १९२२ च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आली. आई पाळीला गेली की तान्हं मूल शांत राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल किती पसरलेली होती, ते त्यांनी नोंदवलं. या बायका निर्दय होत्या का? मुळीच नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती भत्त्याच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. आज डंडॉकमध्ये प्रसूतीची रजा घेणाऱ्या आपल्या लेकीसुनांनी हे माहीत करून घ्यावं. हा हक्क परदेशाने आपल्याला नव्याने शिकवला असं नाही.

सोमवार

आता माझ्या वडिलांकडे येतो. ते रत्नागिरीकडचे. मुंबईत आले तेव्हा मिसरूड फुटलेली नव्हती. आधी खानावळीत राहिले, बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभे राहिले आणि नंतर कार्डिंग खात्यात कायम झाले. कार्डिंग म्हणजे कापूस विंचरण्याचं खातं. घरी येत तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी कूस असायची. आम्ही मुलं म्हणायचो, बाबा म्हातारे होऊन आले.

दर सोमवारी वडील खोकत. पाळीवरून आले की गॅलरीत बसत, एक हात छातीवर. "आवळल्यासारखं होतंय," म्हणत. आई म्हणे, काल दही खाल्लंत ना, म्हणून. मग गुळाचा खडा पुढे करी. गूळ खाल्ला की धूळ घशातून उतरते असं सगळ्या चाळीला ठाऊक होतं. मंगळवारी खोकला कमी, बुधवार-गुरुवारी नाहीसा. शनिवारी कुणाला आठवतही नसे. पुढच्या सोमवारी पुन्हा. वर्षं गेली तसा तो मंगळवारीही राहू लागला आणि मग रोजचाच झाला.

या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, हे मला संशोधन करताना कळलं. कापसाच्या धुळीत पानांचे, बोंडांच्या सालींचे बारीक कण असतात आणि त्यांवर वाढलेल्या जिवाणूंचे अंशही. त्यांनी श्वासनलिका आवळते. रोज रोज त्याच धुळीत राहिलं की शरीर तात्पुरतं जुळवून घेतं. एक-दोन दिवस दूर राहून परत गेलं की पहिल्या दिवशी त्रास जोरात उसळतो. म्हणून हा सोमवारचा आजार. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या एका प्रश्नावर: सोमवारी छाती आवळते का? कधीकधी, की दर सोमवारी? फक्त सोमवारी, की इतर दिवशीही?

हाच आजार आपल्या आजच्या शेजाराने फार आधी ओळखला होता. डंडॉकहून उत्तरेला सीमा ओलांडून अर्ध्या तासाच्या आत बेसब्रुक नावाचं गाव लागतं. जॉन ग्रब रिचर्डसन या क्वेकर उद्योजकाने १८४० च्या दशकात तिथे लिननच्या गिरणीभोवती कामगारांची वसाहत वसवली. घरं नीटनेटकी, शाळा, आणि गावात दारूचा गुत्ता नाही, गहाणवटीचं दुकान नाही. म्हणून पोलिसांचीही गरज नाही, असं लोक अभिमानाने सांगत. मालकाने कामगारांच्या भल्याचा विचार करावा याचा हा एक चांगला नमुना. पण लिनन ज्या जवसाच्या झाडापासून निघतं त्याच्या धाग्यालाही धूळ असतेच. अल्स्टरमधले गिरणी कामगार त्या धुळीला ‘पाउस’ म्हणत (आपला पाऊस नव्हे!) आणि तिने छाती भरलेल्याला ‘पाउसी’. बेलफास्टचे डॉ. पर्डन यांनी १८७३ साली या कामगारांच्या मृत्यूंवर पुस्तिका लिहिली. १९६० च्या दशकात उत्तर आयर्लंडच्या जवस गिरण्यांत पद्धतशीर पाहणी झाली, तेव्हाही सोमवारची छाती तिथे होतीच.

आणि मुंबईत? माझ्या वडिलांच्या गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर परळचं केईएम रुग्णालय. तिथले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा करून या आजाराचा अभ्यास केला, तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. वडिलांकडे कामगार विम्याचं कार्डही होतं. त्या योजनेचा पाया ज्या अहवालाने घातला तो १९४४ चा अहवाल प्रा. बी. पी. आडारकर यांचा, आणि कायदा १९४८ चा. म्हणजे डॉक्टर होते, दवाखाना होता, कायदा होता. पण वडील दवाखान्यात गेलेच तर शनिवारी जात, पाळी संपल्यावर. शनिवारी खोकला नसे. डॉक्टर विचारत, "काय होतंय?" वडील म्हणत, "तसं बरं आहे."

वाचकहो, इथे मला जे सांगायचं आहे ते येतं. हा आजार सोमवारी दिसतो, कारण त्याच्या आधी रविवार असतो. सलग राबणाऱ्या माणसाला आपली छाती आवळली आहे हे कळतच नाही. तेच त्याला नेहमीचं वाटतं. लोखंडे यांनी मिळवलेला एक दिवस विश्रांतीचा तर होताच, पण तो कामगाराला स्वतःकडे पाहायला मिळालेला दिवसही होता. थांबल्याशिवाय काय बिघडलंय ते कळत नाही. छातीचं जे, तेच मनाचं.

मनाची नोंद

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्याच एकेक करून संपल्या. वडील तेव्हा निवृत्तीच्या जवळ आलेले. ते पुन्हा कामावर गेले नाहीत. खोकला थोडा कमी झाला. माझी नोकरी होती, घर चालत होतं. मला वाटलं, आता त्यांना आराम.

ते पहाटे पाचलाच उठत. आंघोळ करून, कपडे घालून गॅलरीत बसत. भोंगा वाजत नव्हता. दुपारी चहाला नाक्यावर जात. पूर्वी दहा मिनिटांत जाऊन येणारा माणूस आता तासभर लावी. वाटेत थांबे, उगाच दुकानाची पाटी वाचत राही. पेपर हातात घेत, पण वाचत नसत. मी रागावून म्हणत असे, "बाबा, इतका वेळ आहे, काहीतरी करा ना."

काही वर्षांनी मी मारिएंथाल या गावाचा अभ्यास वाचला. व्हिएन्नाजवळचं हे गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक तिथे गेले आणि १९३३ मध्ये त्यांनी आपलं पुस्तक छापलं. त्यांनी काय मोजलं, ऐका. रस्त्यावरून माणसं किती वेगाने चालतात ते मोजलं. वाटेत किती वेळा थांबतात ते मोजलं. वाचनालयातून किती पुस्तकं जातात ते पाहिलं. लोकांना वेळ भरपूर होता, तरी पुस्तकं पूर्वीपेक्षा कमी जात होती. वाचता वाचता मी पुस्तक मिटलं. नाक्याकडे जाणारे वडील डोळ्यांपुढे आले.

याच याहोदा बाईंनी १९८२ मध्ये, म्हणजे आमच्या संपाच्याच वर्षी, आपल्या संशोधनाचं सार एका पुस्तकात मांडलं. नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांची सोबत, सगळ्यांनी मिळून काही करत असल्याची भावना, समाजात एक ओळख, आणि हातांना रोजचं काम. काम जातं तेव्हा या पाचही जातात. डंडॉकमधल्या जुन्या लोकांना हे सांगायला नको. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा कारखाना १८८० च्या दशकापासून या गावाचा कणा होता. १९५८ साली ती रेल्वे मोडली आणि रेल्वेचं गाव ही ओळख गेली. माझ्या शेजारच्या आजोबांकडून त्या दिवसांबद्दल ऐकताना मला सारखी लालबागची गॅलरी आठवते.

पण काम असतानाही मन आजारी पडू शकतं. मायकल मार्मट यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळेच खुर्चीत बसून काम करणारे, कुणी उपाशी नाही, कुणाच्या छातीत धूळ नाही. तरीही सर्वांत खालच्या पायरीवरच्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या पायरीवरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. सिगारेट वगैरे कारणांनी यातला थोडाच भाग उलगडत होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियाही होत्या. त्यातून दिसलं, की आपल्या कामावर आपला ताबा किती, याचा हृदयाशी संबंध आहे. काम किती आहे एवढंच पुरेसं नाही. ते कसं आणि कधी करायचं हे मला ठरवता येतं का, हाही प्रश्न आहे. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर ‘आज घेतात की नाही’ म्हणून उभा राहणारा बदली कामगार मला इथे आठवला. आणि आज पुढच्या आठवड्याचं रोस्टर लागण्याची वाट बघत फोन हातात धरून बसणारी आपली मुलंही.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आतून विझून जाणं, याची कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंद केली. २०२१ मध्ये तिने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मिळून दाखवलं, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. रामाझ्झिनींचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

डंडॉक आणि आपण

या गावाकडेही शिकण्यासारखं आहे. पी. जे. कॅरल यांची तंबाखूची पेढी इथे १८२४ मध्ये सुरू झाली आणि सिगारेट हे डंडॉकच्या पोटापाण्याचं मोठं साधन झालं. त्यांच्या सुंदर आधुनिक कारखान्याची इमारत आज डंडॉक इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची आहे; आपल्यातल्या काहींची मुलं तिथे शिकतात. त्याच देशाने २९ मार्च २००४ पासून पबसकट सगळ्या कामाच्या जागी धूम्रपान बंद केलं. सबंध देशभर असं करणारा तो जगातला पहिला देश. कारण काय दिलं? पबमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाचं. गिऱ्हाईक आपल्या मर्जीने येतं, बारमागे उभ्या असलेल्याला मर्जी नसते.

लोखंडे यांचा रविवारही इथे आहे. १९९७ च्या कायद्याने सरासरी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आहे, रोज ११ तासांची सलग विश्रांती आणि आठवड्यात २४ तासांची सुट्टी दिली आहे. काही कामांना वेगळे नियम आहेत, ते विचारून घ्यावेत. एप्रिल २०२१ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन आणि मेल यांना उत्तर न देण्याच्या हक्काची संहिताही आहे. पण कागद स्वतःहून चालत नाही. माझ्या वडिलांच्या खिशातही कार्ड होतंच.

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी माझं सांगतो. निवृत्तीपूर्वीची काही वर्षं मी एका संस्थेत विभागप्रमुख होतो. पेपर तपासणं, तासिका, आणि तपासणी समितीसाठी फायलींचे गठ्ठे. अडीच वर्षं मी एकही रविवार घेतला नाही. सोमवारी वर्गात लोखंडे यांचा रविवार शिकवायचो आणि रविवारी फायली भरायचो! एके दिवशी वर्गात उभा असताना लोखंडे यांचंच नाव मला आठवेना. मुलं वाट पाहत राहिली. घरी आलो आणि सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. सहा महिने झोप नव्हती, कशाचीच गोडी नव्हती, पण कुणाला बोललो नाही. इतका शिकलेला माणूस, याच विषयावर डॉक्टरेट केलेला, आणि तरी वडिलांचंच उत्तर देत होतो. शेवटी एका रात्री पत्नी म्हणाली, "तुमच्या बाबांचा खोकला निदान ऐकू तरी यायचा." दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो आणि पहिल्यांदाच खरं सांगितलं. औषध थोडं लागलं, बोलणं जास्त लागलं, आणि रविवार लागला.

म्हणून पहिल्या पिढीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आपण इथे कष्टाने घर उभं केलं, हे खरंच. पण "आम्ही कधी तक्रार केली नाही" हे वाक्य मुलांना अभिमानाने ऐकवताना जरा थांबा. ते ऐकून मुलं कष्ट शिकतातच, पण गप्प राहायलाही शिकतात. आणि दुसऱ्या पिढीतल्या मुलांनो, तुम्ही आईबाबांना कधी विचारलंय का, की नर्सिंग होममधल्या, गोदामातल्या, प्रयोगशाळेतल्या, संगणकासमोरच्या त्यांच्या दिवसात नेमकं काय होतं? रामाझ्झिनींचा प्रश्न घरात विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

त्या रात्रपाळीवाल्या तरुणाला मी मागच्या महिन्यात पुन्हा भेटलो. या वेळी "कसं चाललंय?" विचारलं नाही. विचारलं, "शेवटचा पूर्ण सुट्टीचा दिवस कधी मिळाला?" तो बोटांवर मोजू लागला आणि मोजता मोजता गप्प झाला. मग आम्ही दोघं चहा घेत तासभर बोललो. आता तो रोस्टरबद्दल आपल्या मॅनेजरशी बोलणार आहे. काय होतं ते पाहू.

यंदा फराळाच्या रांगेत शेजारच्याला हा प्रश्न विचारून पाहा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर घाईने "मजेत" म्हणू नका. जरा थांबून खरं काय ते सांगा.

आपणा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. एक दिवस तरी पूर्ण सुट्टी घ्या.